आखाजीला जपान

तिकीट वीस रुपये, साठीच्या वर दहा.
देवकामावशीनं कमरेच्या पिशवीतून आधारकार्ड काढलं,
पासपोर्टसारखं धरलं खिडकीत.
आतल्या बाबूनं बघितलंही नाही.

धुळ्यात ऊन चव्वेचाळीस.
पांझरेत पाणी नाही, पण बागेत इटली आहे:
पाच टप्प्यांचं कारंजं, दुरुस्तीसाठी बंद.
इंग्लंडचं गवत पिवळं पडलंय,
दोरी बांधलीय तरी फोटोवाला
लग्न ठरलेल्या एका जोडप्याला त्याच्यावर आडवं करतोय.
मोगलांच्या पाटात शेवाळ आणि एक चप्पल.
खुशीत आहे तो एकटा मेक्सिको,
निवडुंग असे तरारलेत
की गाव बदलल्याचं त्यांना कुणी कळवलेलंच नाही.

मावशी कुठंच थांबली नाही.
नेरहून माझ्या गाडीवर मागं बसून
ती एकाच देशाला आली होती.

"हाऊच शे का जपान?"

लाल पूल, सहा पावलांचा.
खाली पाण्याच्या जागी हिरवी चटई.
दोन बांबू, एक दगडी दिवा,
दिव्याच्या पोटात सरडा राहतो.
आणि पुढं पांढऱ्या खडीचं अंगण,
दाताळ्यानं ओढलेल्या रेघा,
रेघेला लागून रेघ, तीन दगडांना
वळसा घालून परत सरळ.
मावशी वाकली, चिमूटभर उचलायला.

"हात नका लावू, माय,"
जामसिंग पावरा सावलीतून ओरडला,
"समुद्र आहे तो."

मावशीनं हात मागं घेतला.
मग सगळीकडं नीट पाहिलं.
"पानी कोठे शे?"
"साहेब म्हणतात, पाणी मनात धरायचं."
"आम्हना नळ बी असाच शे," मावशी म्हणाली,
आणि जामसिंग दाताळ्याला टेकून
बराच वेळ हसत राहिला.

आज आखाजी.
नेरला निंबाला झोका बांधलाय,
दुसऱ्यांच्या लेकी आल्यात, झोक्यावर गाणी चाललीत.
घागरीवर डांगर ठेवून झालं, पितर जेवले.
यामिनी आली नाही, हे दुसरं वर्ष.
ती तिकडे परक्या म्हाताऱ्यांना
आंघोळ घालते, भरवते, नखं कापते,
त्यांच्या भाषेत चुकत-माकत दटावते.

फोन लागला. तिकडे साडेतीन तास पुढचं ऊन.
निळ्या गणवेशात, कुठल्याशा जिन्यात उभी.
मावशी पुलाच्या मधोमध गेली,
फोन हातभर लांब धरला:
"देख, मी तुन्हा गावले उनू!"

यामिनी हसली. "आई, असा पूल
मी तरी कुठं पाहिलाय?
माझ्या खिडकीतून सायकलींचा तळ दिसतो,
आणि एक भिंत."
मग थोडी थांबली.
"इथं एक आजी आहे, नव्वदीची.
रोज विचारते, तुझ्या घराजवळ समुद्र आहे का.
मी हो म्हणते.
नाही म्हटलं की ती जेवत नाही."

मावशी काही बोलली नाही.
पूल उतरली, फोन उलटा केला,
खडीवरून हळूहळू फिरवला,
या दगडापासून त्या दगडापर्यंत.
"हाऊ देख. तिले दखाड."

फोन कटला, की चार्जिंग संपलं, कळलं नाही.
मावशीनं डबा उघडून जामसिंगला सांजोरी दिली,
त्याच्या हातातलं दाताळं घेतलं,
विचारलं नाही.
सारवताना सरकावं तशी मागं-मागं सरकत,
आपलंच पाऊल आपल्यासमोरून पुसत,
तिनं एक रेघ ओढली.
थोडी वाकडी आली.
जामसिंग तोंड भरलेलं असतानाच म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या. सकाळपर्यंत चालेल."

गेटबाहेर गाडीची सीट तव्यासारखी.
पदराची घडी घालून मावशी बसली.
चपलेत खडी शिरली होती,
मी म्हटलं, झटकून घे.
नेर येईस्तोवर तिनं झटकली नाही.